मोठ्याचा घोट

११ फेब्रुवारी, मंगळवार

कुल्ल्यात टोचली. शी! छत्तीस वर्षांचा बाप्या, पँट खाली करून भिंतीकडे तोंड करून उभा, आणि मागे दोन बाया! एक डॉक्टर मॅडम, एक नर्स. नर्स म्हणते, "ढिलं सोडा दादा, ढिलं सोडा." काय ढिलं सोडू?

औषध बर्फाच्या डब्यातून आलं. पांढरी पूड, तिच्यात पाणी, मग बाटली हलवतायत — हलवतायत — हलवतायत. सुई चांगली जाड. आता तिथे लिंबाएवढी गाठ आलीय. डहाणूहून घरापर्यंत रिक्षात एकाच बाजूवर बसून आलो. शेजारी बसलेली बाई सारखी बघत होती.

मॅडमनी दोनदा समजावलं. दारू प्यालं की उलट्या होतात ती गोळी वेगळी. ही महिन्याची सुई वेगळी. हिच्यावर प्यालं तर माणूस मरत नाही, फक्त मजा येत नाही. "पण पाय लटपटणार, लिव्हर सडणार. गंमत तेवढी जाणार. समजलं ना दिपक?" समजलं. म्हणजे नवरी तीच, मांडव तोच, जेवण तेवढं नाही.

तिथली समुपदेशनवाली मुलगी म्हणाली, बारावी झालात ना, मग रोज थोडं लिहा, कोणाला दाखवू नका. म्हणून लिहितोय.

बायकोचा, संगिताचा फोन आला. "घेतलीस?" "घेतली." "बरं." ठेवला.

१२ फेब्रुवारी

मळमळ. भाताचा वास नको, चहाचा नको. स्वतःच्या तोंडाचाही नको!

१५ फेब्रुवारी

पॅकिंगच्या शेडमध्ये गेलो. आधी मी शेठचा टेम्पो चालवायचो, घोलवडहून चिकूचे खोके घेऊन. दिवाळीत टेम्पो नाल्यात घातला. शेठने चावी काढून घेतली आणि मला बायांच्या ओळीत बसवलं, चिकू निवडायला. मोठे इकडे, बारके तिकडे, फुटलेले ड्रममध्ये.

तो ड्रम! फुटके चिकू उन्हात आंबतात, वर फेस येतो, चिलटं घोंगावतात. वास हुबेहूब दारूचा. महिन्यापूर्वी मी त्या ड्रमजवळ मुद्दाम बसायचो. आज बसलो आणि पोटातलं सगळं घशाशी आलं. शेठ म्हणाला, "दीकरा, तारूं मोढूं तो जो!" तोंड बघितलं, शेडच्या फुटक्या आरशात. थू!

१६ फेब्रुवारी

संगिता का गेली ते लिहून टाकतो, म्हणजे रोज आठवायला नको.

डिसेंबरात मी ओट्यावर ओकून त्यातच झोपलो. पोरगी शितल, नऊ वर्षांची. तिने पाणी आणलं, माझं तोंड पुसलं, कानातलंसुद्धा पुसलं. संगिता बाजारातून आली तर पोर फडकं पिळत होती. संगिता ओरडली नाही. पिशवी भरली आणि शितलला घेऊन तलासरीला बापाकडे गेली.

तिचं म्हणणं एकच. तीन सुया घे. एप्रिलात नविनचं लग्न आहे, तुझ्या भावाचं. मी लग्नाला येईन, शितलला आणीन. लग्नात थेंब लावला नाहीस तर आम्ही इथेच राहू. लावलास तर पुन्हा फोन करायचा नाही.

१९ फेब्रुवारी

सुकऱ्यामामा आला. आईचा भाऊ. दारूचा कॅन घेऊनच येतो, पाहुणा बाजूला आणि कॅन आधी. "भाच्या, बस. अर्धा अर्धा." नको म्हटलं. "का? बायको काय शेपटीला धरून बसली?" नको. "बापाचं नाव बुडवलंस!"

बापाचं नाव! बाप पांड्या पोट फुगून गेला. शेवटी डोळे हळदीसारखे झाले होते. ते नाव बुडलं तर बरंच की.

वैताग आला. म्हणून थाप मारली. म्हटलं, "मामा, सुई घेतलीय डहाणूला. आता एक घोट पोटात गेला तर काळीज बंद पडणार. जागेवर खलास. डॉक्टरने लिहून घेतलंय."

मामा कॅन उचलून चालू पडला. पहिल्यांदाच असं झालं! मी एकटाच हसत बसलो ओट्यावर.

२० फेब्रुवारी

मामाला सांगणं म्हणजे लाऊडस्पीकर लावणं. सगळ्या पाड्याला कळलं. दुकानावर लोक माझ्यापासून बाटली लांब धरतात, जसा काही मी फटाका आहे. झकास!

आईला मात्र राग आलाय. "असली कसली सुई? पोराच्या अंगात मरण घालून ठेवायचं? बायकोनं सांगितलं आणि तू घेतलंस?" खरं सांगितलं तर ती मामाला सांगणार, आणि मामा उद्या कॅन घेऊन परत हजर.

आई म्हणजे हिराबाई. मोहाची दारू ती काढते, मागच्या बाजूला, आणि अर्धा पाडा तिच्याकडून नेतो. तिची सकाळ ठरलेली — चूल पेटवायची, भाकरी थापायची, आणि त्यातलीच एक बारकी वाटी. वाटी घ्यायच्या आधी हात थरथरतो, भाकरी फाटते. वाटी घेतली की भाकरी गोल. लहानपणापासून बघतोय. लोक चहा पितात तसं तिचं.

२७ फेब्रुवारी

प्यालो.

आई वाणगावच्या बाजाराला गेली होती. मागून तिचा कॅन उचलला, गवताच्या गंजीआड बसलो. बघायचंच होतं, मॅडम खऱ्या की खोट्या.

पहिला ग्लास — काही नाही. दुसरा — काही नाही. जीभ जळली, घसा जळला. पूर्वी त्याच्यामागून जे यायचं, ते आलंच नाही. दार वाजवत राहावं आणि आत कोणीच नाही, तसं. तिसऱ्याला चव कळली. एवढी वर्षं पितोय, चव आज कळली! जुन्या चपलेचं पाणी. ते मी पैसे देऊन, हातापाया पडून, पोरीच्या खाऊच्या डब्यातून चोरून पीत होतो?

उठलो तर पाय मात्र लटपटले. गंजीवर पडलो, शेणात हात गेला. मजा शून्य आणि शेण फुकट!

दवाखान्यात त्या मुलीला फोन करून सांगितलं. ओरडली नाही. "सांगितलंत ते बरं केलंत. पुढच्या सुईला या."

११ मार्च, मंगळवार

दुसरी सुई. या वेळी उजवी बाजू. आता दोन्ही बाजूंनी बसायचे वांधे.

१४ मार्च

काल होळी. सगळा पाडा प्यायलेला आणि मी एकटा कोरडा. पहिल्यांदाच बघितलं हे असं. एवढी लाळ असते माणसाला? एक जण झाडाला मिठी मारून रडत होता. एक जण स्वतःच्या बायकोला ओळखेना, तिला वहिनी म्हणत होता. मामा लुंगी सोडून नाचला. बायका तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. मी पण दरवर्षी असाच नाचायचो, आणि त्या अशाच हसायच्या.

जेवलो नाही.

२३ मार्च, रविवार

तलासरीला जाऊन शितलला भेटलो. संगिता तिला हायवेपर्यंत घेऊन आली, स्वतः लांब उभी. मी आणि शितल वडापाव खात होतो. समोर बार. दारात गाड्या, सगळ्या गुजरात पासिंग. तिकडे दारूबंदी, म्हणून रविवारचे इकडे येतात. एक जाडा शेठ, गळ्यात चेन, चाकाला टेकून ओकत होता. ड्रायव्हर त्याचा चष्मा धरून उभा.

शितल म्हणाली, "बाबा, त्याला पाणी द्यायला पाहिजे. तुला द्यायचे तसं." आणि निघाली पण! हात धरून ओढली तिला मागे. वडापाव टाकून दिला. मला माझीच शिसारी आली.

जाताना तिने विचारलं, "काकाच्या लग्नानंतर आपण घरी ना?" म्हटलं हो.

८ एप्रिल, मंगळवार

तिसरी. गाठ कमी आली. मळमळ पण नाही. मॅडम म्हणाल्या रक्त सुधारलंय. शेठने टेम्पोची चावी दिली, "स्टेशन सुधी ज" म्हणाला. स्टेशनपर्यंत गेलो आणि आलो. एवढ्याने डोळ्यात पाणी यायला काय झालं? च्यायला!

१६ एप्रिल

अंगणभर मोहाची फुलं वाळतायत. आईची भट्टी दिवसरात्र चालू, लग्नाची तयारी. गोडूस, कुबट वास — चादरीला, भाताला, केसांना. शेडमध्ये जेवतो हल्ली, त्या ड्रमपासून लांब.

एक गोष्ट मी विसरूनच गेलो होतो, ती आज मामाने काढली. आमच्या घरात रीत आहे. लग्नात दारू आधी धरतीला, मग वाडवडिलांना, मग घरातल्या मोठ्याला. मोठ्याने घोट घेतल्याशिवाय कोणी ओठ लावायचा नाही आणि लग्न पुढे सरकायचं नाही. बाप गेला, म्हणजे मोठा मी. घोट म्हणतात, पण असतो अख्खा द्रोण. आणि तो एकदा नाही. मांडव घालताना, हळदीला, वऱ्हाड निघताना, नवरी दारात आली की!

मामा म्हणाला, "तू तर मरशील. मग कसं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई पण. मी म्हटलं, बघू. मामाच काहीतरी तोड काढेल. म्हाताऱ्यांना तोड काढायची सवय असते.

२५ एप्रिल

काल मांडव आणि हळद. प्यालो नाही मी!

संगिता आली होती. हिरवी साडी. शितलच्या केसात गजरा. मांडवाच्या डांबाजवळ दोघी उभ्या होत्या. जानी म्हातारी आली. ती धवलेरी, आमच्याकडे लग्न तीच लावते. गाणं म्हणत तिने द्रोण भरला, थोडी धरतीला, थोडी वाडवडिलांना, आणि उरलेला द्रोण माझ्यापुढे. डीजेवाल्याने गाणं बंद केलं.

मी हात मागे घेतला. जानी म्हणाली, "मोठ्यानं घेतल्याबिगर पुढं नाय." मामा म्हणाला, "तो मरंल!" जानी म्हणाली, "मग लगीन कसं लावू?" नविनचं तोंड बघवेना.

आणि आई पुढे आली. हळदीने माखलेली, पदर खोचलेला. द्रोण जानीच्या हातातून घेतला. म्हणाली, "माझा पोर मरंल. त्याचा घोट मी घेते. नऊ महिने ह्याच पोटात होता तो. ह्या पोटात गेलं म्हणजे त्याच्यातच गेलं."

जानीने विचार केला. "पोट एकच. चालंल."

आईने एका दमात संपवला. लोक ओरडले, डीजे सुरू. संगिता माझ्याकडे बघून हसली. डिसेंबरनंतर पहिल्यांदा.

मी काय केलं? काही नाही. एक वाक्य होतं तोंडात — मरत नाही कोणी, मी थाप मारली होती. पण बोललो असतो तर द्रोण फिरून माझ्याकडे आला असता. मी गिळलं ते वाक्य. हळदीला आईने परत माझा द्रोण प्याला. मग वाडवडिलांच्या नावाने अजून एक. तिचे तिचे ते वेगळेच. मी बघत उभा.

आता सकाळी सुचतंय की नुसतं "मला प्यायचं नाही" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. आपल्याच लग्नमांडवात, आपल्याच माणसांसमोर, एवढं सरळ वाक्य. ते सुचलंच नाही! आईला पुढे केली.

आज वऱ्हाड निघणार. आज तरी बोलेन.

२६ एप्रिल

नाही बोललो. वऱ्हाड निघताना तिने घेतला, नवरी दारात आली तेव्हा घेतला. शेवटचा घेताना द्रोण अर्धा साडीवर सांडला, तर जानीने परत भरला.

२७ एप्रिल

आज पहाटे आई भट्टीमागे सापडली. पडलेली. ओकारी सगळीकडे, आणि त्यात काळं काळं, रक्तासारखं. नव्हे, रक्तच. साडी खराब झाली होती — पुढून, मागून. वास! मी दोन पावलं मागे सरलो. माझी आई, आणि मला तिला हात लावायची किळस आली. लिहितोय कारण ते खरं आहे.

संगिता पाण्याची बादली घेऊन आली. फडकं माझ्या हातात दिलं. "तू पूस." नुसती उभी राहिली. शितलला तिने घरातून बाहेर येऊ दिलं नाही.

पुसलं. तोंड, मान, पाय. कानातलं पण पुसलं. आई मधेच डोळे उघडून म्हणाली, "तू नाय ना प्यालास?" नाही म्हटलं. "मग बरं," म्हणाली आणि परत ओकली, माझ्या हातावर.

शेठचा टेम्पो आणला. मागे गादी टाकून झोपवली. रस्ता मला दिसत होता ते एक बरं. डहाणूला नेली.

२९ एप्रिल

रक्त थांबलंय. सलाइन. मोठे डॉक्टर विचारतात, "किती वर्षं पितात या?" मामा लगेच, "बायामाणूस कुठं पितं साहेब? भट्टी करते, चव बघते." उचलली जीभ लावली टाळ्याला! नविन जमिनीकडे बघतोय. मग मी सांगितलं. सकाळची वाटी, थरथरणारा हात, फाटणारी भाकरी. सांगता सांगता मलाच ऐकू आलं मी काय सांगतोय ते. एवढी वर्षं घरात दोघं पीत होतो. बोंब फक्त माझ्या नावाची.

संध्याकाळी आई चादरीवरच्या मुंग्या झटकत होती. मुंग्या नव्हत्या. मला माहीत आहेत त्या मुंग्या, दारू तुटली की येतात.

३० एप्रिल

संगिताला थापेचं सांगितलं. दवाखान्याच्या मागच्या पायरीवर. मला वाटलं होतं रडेल, मारेल.

म्हणाली, "म्हणजे तू प्याला नाहीस. आईला पाजलीस."

माझं कबूल केलेलं सगळं मी पाळलं होतं. लग्नात थेंब नाही! आणि तरी तिच्यासमोर मान वर होईना. तिने उठून नळावर हात धुतले. मग म्हणाली, "मी आत्ता जात नाही. आईला इथे कोण बघणार? पण तू तिला खरं सांग. मी सांगणार नाही, मामा नाही, तू. नाही सांगितलंस तर मग मी जाईन, आणि या वेळी तू प्यालास की नाही ते विचारायला पण येणार नाही."

३ मे

आईला घरी आणली. दवाखान्यात गेल्यापासून वाटी नाही. भट्टीवर संगिताने उलटी पाटी झाकून ठेवलीय. आई दारात बसते, मोहाच्या झाडाकडे बघते. हात अजून थरथरतो, पण कमी. तिच्या हातची भाकरी शितलने खाल्ली, फाटकी.

आज सांगणार होतो. नाही जमलं. तोंड उघडलं आणि "औषध घेतलंस?" विचारून आलो. भेकड साला.

४ मे

संगिताने आज काही विचारलं नाही. नुसतं ताट वाढताना बघितलं. मला माझ्या या जिभेची घाण वाटते. थाप मारायला एक मिनिट लागलं नव्हतं तिला.

५ मे

सांगितलं. उद्या माझी चौथी सुई, तिचाच विषय काढला. म्हटलं, आई, त्या सुईने कोणी मरत नाही. मी मधे प्यालो पण होतो, बघ, जिवंत आहे. मामाला टाळायला थाप मारली होती. तू माझा घोट उगाच घेतलास.

मला वाटलं आता शिव्या घालेल, थोबाडीत देईल. हात पुढे पण आला तिचा. माझा हात धरला.

म्हणाली, "मरत नाय? नक्की मरत नाय ना रं? मी फेब्रुवारीपासून तुला विचारणार होते. मरणाला भ्याले म्हणून नाय विचारलं. बायांना पण देतात का ती?"